जे अजून आलेले नाहीत, त्यांचीही जागा आराखड्यात ठेवा

विकसनशील देशांतल्या शहरांचे नगररचनाकार, महापौर आणि आयुक्त यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

ब्राझीलने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाच्या मध्यभागी, ओसाड पठारावर नवी राजधानी बांधायला काढली. लुसिओ कोस्टा यांचा आराखडा 1957 मध्ये निवडला गेला, ऑस्कर नीमायर यांनी इमारती रचल्या आणि 21 एप्रिल 1960 रोजी ब्राझिलियाचे उद्घाटन झाले. आराखडा पाच लाख वस्तीचा. मंत्रालये कुठे, सरकारी नोकरांची घरे कुठे, त्यांच्या मुलांची शाळा घरापासून किती पावलांवर, सगळे कागदावर चोख होते. एकच गोष्ट कागदावर नव्हती. जे हजारो मजूर रात्रंदिवस हे शहर बांधत होते, ते शहर उभे राहिल्यावर राहणार कुठे? काम आटोपले की निघून जातील, असे धरून चालले होते.

ते गेले नाहीत. जाणार कुठे? 1958 साली ईशान्य ब्राझीलमध्ये मोठा दुष्काळ पडला होता आणि तिथून उलट आणखी माणसे येत होती. त्याच वर्षी, म्हणजे राजधानीच्या उद्घाटनाच्या दोन वर्षे आधीच, मजुरांसाठी तागुआतिंगा ही वस्ती शहराबाहेर वसवावी लागली. पुढे 1971 मध्ये शहराभोवतीच्या झोपड्या उठवून हजारो कुटुंबांना नव्या वस्तीत नेऊन सोडले. तिचे नाव सेइलांदिया. हे नाव कसे पडले ते मुद्दाम सांगतो. झोपड्या हटवण्याच्या सरकारी मोहिमेचे नाव होते 'अतिक्रमण निर्मूलन मोहीम'. पोर्तुगीजमध्ये त्याची आद्याक्षरे होतात सी-ई-आय. त्यांनाच 'लांदिया' हा प्रत्यय जोडून वस्तीचे नाव केले. आज राजधानीच्या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या लोकवस्तीच्या भागांत तिची गणना होते. तिथे जन्मलेले मूल वहीवर पत्ता लिहिते तेव्हा आपल्या आजी-आजोबांना अतिक्रमण ठरवणारी ती अक्षरे लिहिते.

जगातल्या सर्वांत काटेकोर आराखड्यांपैकी एकाची ही कथा आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. मी नगररचनाकार नाही. आराखडे हरकतींसाठी प्रसिद्ध होतात तेव्हा ते वाचणारा आणि हरकती नोंदवणारा साधा नागरिक आहे. इतके आराखडे वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपते. शहरात गरीब माणूस येणार, हे तुम्हांला पक्के ठाऊक असते. तो किती येणार याचा अंदाजही लोकसंख्येच्या प्रकरणात दिलेला असतो. पुढे जमीनवापराचा नकाशा उघडला की तो माणूस गायब होतो. त्याच्या नावाने एक चौरस मीटरही रंगवलेला नसतो. मग तो येतो, नाल्याच्या काठाला, रेल्वेरुळांच्या कडेला, टेकडीच्या उतारावर जागा शोधतो, आणि त्या दिवसापासून तुमच्या दप्तरात अनधिकृत ठरतो.

आकडे तुमच्यापाशी आहेतच, तरी दोन मांडतो. 1950 मध्ये जगातली 30 टक्के माणसे शहरांत राहत होती. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालाप्रमाणे तो वाटा 55 टक्क्यांवर गेला होता आणि 2050 पर्यंत 68 टक्के होईल असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे शहरांत आणखी सुमारे 250 कोटी माणसांची भर, आणि त्यांतले जवळजवळ 90 टक्के आशिया आणि आफ्रिकेत. आजच शंभर कोटींहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. संयुक्त राष्ट्रांची झोपडपट्टीची व्याख्या तपासून पाहा: टिकाऊ बांधकाम, पुरेशी जागा, सुरक्षित पाणी, शौचालय आणि जागेवरून कुणी हुसकावणार नाही ही शाश्वती. या पाचांतली एक जरी गोष्ट नसली तरी ते घर त्या हिशेबात धरले जाते. म्हणजे झोपडपट्टी कशाला म्हणायचे हे तिथल्या माणसांच्या स्वभावावरून ठरत नाही, आपण त्यांना काय दिले नाही त्यावरून ठरते.

लोक का येतात, यावर तुमच्या बैठकांत 'शहराचे आकर्षण' असा शब्द सर्रास वापरला जातो. मला तो शब्द पटत नाही. दिव्यांची रोषणाई बघून कुणी घरदार सोडत नाही. बापाच्या चार एकरांचे चार मुलांत वाटे होतात, पुढच्या पिढीत एकराचेही तुकडे पडतात, आणि एक दिवस असा येतो की त्या तुकड्यात राबून घर चालत नाही. पाऊस दगा देतो. जिथे वीस माणसे कापणी करत होती तिथे एक यंत्र येते. गावात काम वर्षातले काही महिने, बाकीचे दिवस हातावर हात. शहरात मिळणारी मजुरी गावातल्या मजुरीपेक्षा जास्त, आणि ती बाराही महिने मिळण्याची शक्यता. पोरांची शाळा दहावीच्या पुढे जायची असेल, आईचे ऑपरेशन करायचे असेल, तर तेही शहरातच. ओळखीचा एखादा आधी जाऊन टेकलेला असतो, त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात पहिली वळकटी पडते. हा हिशेब अडाणी माणसाचा नाही. अर्थतज्ज्ञ मायकेल टोडारो यांनी 1969 मध्ये आणि जॉन हॅरिस यांच्यासह 1970 मध्ये हेच अर्थशास्त्राच्या भाषेत मांडले: शहरात बेकारी दिसत असूनही माणूस येतो, कारण तो आजची मजुरी बघत नाही. काम लागण्याची शक्यता आणि लागल्यावरची मजुरी यांचा मेळ तो घालतो.

त्यातूनच त्यांनी काढलेला एक निष्कर्ष तुमच्या कामाचा आहे. फक्त शहरात नोकऱ्या वाढवल्या तर बेकारी कमी होईलच असे नाही, कारण त्या नोकऱ्यांच्या आशेने आणखी माणसे निघतात. गावाकडे गुंतवणूक हवीच, ती गावासाठी हवी. पण 'गावे सुधारली की लोक येणे थांबेल' हे वाक्य आराखड्याच्या प्रस्तावनेत लिहून शहरात जागा न ठेवण्याची पळवाट काढू नका. रस्ता आणि शाळा गावात पोचली की गावचा मुलगा शिकतो, आणि शिकलेला मुलगा बहुतेक वेळा शहराचीच वाट धरतो.

शिवाय शहर फक्त बाहेरून येणाऱ्यांमुळे वाढते, हा समजही अर्धवट आहे. विकसनशील देशांतल्या शहरी वाढीचा मोठा वाटा शहरातच जन्मणाऱ्या मुलांचा आहे. काही शहरे युद्धाने फुगली. अंगोलात 1975 ते 2002 यादवी चालली आणि जीव वाचवून निघालेली माणसे राजधानी लुआंडाच्या कडेने साठत गेली. काही वाढ तर जागच्या जागी होते: गाव हलत नाही, त्याचे शहर होते. भारताच्या जनगणनेत पाच हजारांहून अधिक वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, अशा गावाला जनगणना शहर म्हणतात. 2001 मध्ये अशी 1,362 होती, 2011 मध्ये 3,894 झाली. लोक शहरासारखे राहतात, कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या कायद्याने चालतो. चार मजली इमारत उभी राहते आणि तिचा मैला शेजारच्या ओढ्यात जातो, कारण मलवाहिनी टाकण्याची जबाबदारी कुणाच्याच टेबलावर येत नाही.

युरोपची शहरेही एकेकाळी घाणेरडी होती, गर्दीची होती, तीही सावरली, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण दोन फरक विसरू नका. लंडनची वस्ती 1801 मध्ये सुमारे दहा लाख होती, ती 65 लाखांवर जायला शंभर वर्षे लागली. नायजेरियातले लागोस 1950 च्या सुमारास तीन-साडेतीन लाखांचे होते आणि साठ वर्षांत कोटीच्या पुढे गेले. दुसरा फरक कामाचा. तिथे शहरे वाढत असताना गिरण्या-कारखानेही वाढत होते, आणि जे उरले त्यांच्यासाठी अमेरिकेची जहाजे होती. आज अनेक देशांत शहर वाढते पण कारखाना वाढत नाही. तेल किंवा खनिजे विकून आलेला पैसा राजधानीत खेळतो, त्याभोवती दुकाने, वाहने, घरकाम, बांधकाम, फेरीवाले अशी कामे निघतात. कामे खरी आहेत, कष्टाची आहेत. फक्त त्यांना पगारपत्रक नसते आणि पगारपत्रक नसलेल्याला कुठलीही बँक घरकर्ज देत नाही.

येणारा थांबवून बघण्याचे प्रयोगही झाले आहेत. जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी 1970 मध्ये शहर बाहेरच्यांसाठी बंद केल्याचे जाहीर केले. 1971 च्या जनगणनेत जकार्ता सुमारे 46 लाखांचे होते, 1980 मध्ये 65 लाखांचे झाले. दक्षिण आफ्रिकेने काळ्या माणसाच्या खिशात पास असला तरच शहरात राहता येईल असे कायदे केले, लाखोंना अटक केली, आणि 1986 मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. चीनने 1958 मध्ये हुकू, म्हणजे माणूस कुठला रहिवासी आहे हे ठरवणारी नोंदणी, कडक केली. कारखान्यांना माणसे लागली तेव्हा माणसे आली, पण नोंदणी गावचीच राहिली. 2020 च्या जनगणनेत तिथले जवळजवळ 64 टक्के लोक शहरांत राहत होते, शहरी हुकू मात्र 45 टक्क्यांच्या आसपास लोकांकडेच होता. या दोन आकड्यांमधल्या फटीत जे कोट्यवधी संसार आहेत, त्यांतली कितीतरी मुले आईबापांपासून दूर, गावी आजीपाशी वाढली, कारण शहरातल्या शाळेचा दरवाजा त्यांना उघडत नव्हता.

आणि पाडकाम. झिम्बाब्वेमध्ये 2005 च्या मे महिन्यात सरकारने मोहीम काढली, 'मुरांबात्स्विना'. शोना भाषेतल्या या शब्दाचा अर्थ घाण हाकलून लावणे. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूत ॲना तिबाइजुका यांच्या अहवालानुसार सुमारे सात लाख माणसांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. ऐन थंडीत. सेइलांदियाचे नाव आणि हे नाव शेजारी ठेवा. आधी शब्द ठरतो आणि मग बुलडोझर निघतो. तुमच्या टिपणीत पहिल्यांदा 'अतिक्रमणधारक' असे लिहिले जाते त्याच क्षणी त्या घरातली शाळकरी मुलगी, तिचा गणवेश, भिंतीवर खिळ्याला टांगलेले तिचे दप्तर, सगळे कागदावरून पुसले जाते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, आधी तो शब्द बदला. रहिवासी म्हणा.

आता परिणामांबद्दल. प्रदूषण, कोंडी, उष्मा यांवर तुमच्याकडे तज्ज्ञांचे अहवाल आहेत, मी त्यांत भर घालणार नाही. मी पाण्याबद्दल बोलतो, कारण सगळे तिथून सुरू होते.

नळजोडणी नसलेल्या वस्तीत रात्रीचे दोन वाजलेले असतात. पाणी कधी येईल हे नक्की नसते, म्हणून रांगेत माणसांच्या ऐवजी आधी भांडी उभी असतात: रंगाचे रिकामे डबे, तेलाचे कॅन, एका कडेला चीर गेलेला निळा ड्रम. प्रत्येक बाई आपला डबा अंधारात ओळखते. नळाला सूं असा हवेचा आवाज येतो आणि सगळ्या उठतात. धार करंगळीएवढी. वीस लिटरचा डबा भरायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात मागच्या दोघींत वाद होतो आणि मिटतो. भरलेला डबा घेऊन निसरड्या गल्लीतून चढ चढायचा, रिकामा करायचा, पुन्हा खाली यायचे. चौथ्या खेपेला धार तुटते. उरलेले पाणी सकाळी टँकरवाल्याकडून किंवा हातगाडीवाल्याकडून विकत. पाइपाचे पाणी घेणाऱ्या घराला लिटरमागे जे पडते त्याच्या कितीतरी पट पैसे ही बाई मोजते. सकाळी सहाला ती कामावर निघते, रात्रीची झोप अर्धवट टाकून. शहर तिला काय पुरवते, असे विचारले तर माझे उत्तर आहे की तिनेच शहराला आपली झोप पुरवली आहे.

आणि जिथे नळ पोचत नाही तिथे माणूस जमिनीत नळी घालतो. जकार्ताचे उदाहरण सगळ्यांनी पुढ्यात ठेवावे. शहर वाढले, पाण्याचे जाळे त्याच्या मागे पडले. घरे, हॉटेले, कारखाने, मनोरे, सगळ्यांनी भूजल उपसले. मऊ गाळाची जमीन, तिच्यातले पाणी काढले की ती बसते. वरून काँक्रीट, त्यामुळे पावसाचे पाणी पुन्हा मुरत नाही. आता शहराचा सुमारे 40 टक्के भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि 2019 मध्ये इंडोनेशियाने राजधानी बोर्निओ बेटावर हलवण्याची घोषणा केली. इतर कारणेही होती, पण बुडती जमीन त्यांत ठळक होती. वेळेवर न टाकलेल्या जलवाहिनीची किंमत किती दूरवर जाते ते यावरून दिसते. राजधानी हलवता येते. उत्तर जकार्तात समुद्र अडवणाऱ्या भिंतीआड, खाडीच्या पातळीखाली राहणारा मच्छीमार हलत नाही.

पुनर्वसनाच्या नावाखाली लोकांना शहराच्या टोकाला नेऊन टाकण्याची पद्धत अजून सुरू आहे. तुमच्या दृष्टीने ते घर आहे. पण माणूस घरासाठी शहरात आलेला नसतो, कामासाठी आलेला असतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात ही गोष्ट नोंदवली: पदपथावर राहणारा तिथे राहतो कारण त्याचे काम तिथून जवळ आहे, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवण्याला परवानगीही दिली, हे दुर्दैव. पक्क्या भिंतींचे घर मिळाले आणि येण्याजाण्यात रोजचे चार तास गेले, तर बाईचे काम आधी सुटते. मुलांना कुणाच्या भरवशावर ठेवायचे हा प्रश्न तिलाच सोडवायचा असतो. मग घर कुलूप लावून किंवा भाड्याने देऊन कुटुंब पुन्हा जुन्या नाल्याकाठी येते आणि तुम्ही म्हणता, बघा, यांना दिलेली घरे हे विकतात.

एवढे सगळे असून लोक परत का जात नाहीत? कारण शहराने त्यांना काही दिलेही आहे, आणि ते मी नाकारणार नाही. ढाक्याच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत गावाकडून आलेल्या लाखो तरुणी काम करतात. स्वतःच्या हातात पगार आला, लग्न दोन-चार वर्षे पुढे गेले, धाकट्या बहिणीची शाळा सुटली नाही. याच शहराजवळ सावर इथे 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद राहिली, वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामाच्या मुलींना कामावर बोलावले गेले. वरचे मजले बेकायदा चढवलेले होते. शहर या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या आयुष्यात आणते, पगारही आणि तडा गेलेली भिंतही. पहिली तिने कमावली. दुसरी रोखणे तुमच्या बांधकाम परवाना विभागाचे काम होते.

2020 च्या मार्चमध्ये भारतात टाळेबंदी लागली तेव्हा शहरांचा पाया किती पोकळ आहे ते सगळ्यांनी पाहिले. काम बंद, मालकाकडे थकलेली मजुरी, एका खोलीत आठ जण. आणि ती खोलीही पाळीने वापरण्यासाठी घेतलेली, दिवसपाळीचे रात्री झोपणार, रात्रपाळीचे दिवसा. सगळे एकदम घरात थांबले तर बसायलाही जागा नाही. लोक शेकडो किलोमीटर चालत निघाले. एक कोटीहून अधिक कामगार परतल्याचे सरकारने पुढे संसदेत सांगितले. त्यांतले कितीतरी वर्षानुवर्षे शहरात होते, तरी शहराच्या एकाही यादीत नव्हते. शिधापत्रिका गावची, मत गावचे, भाडेकरार तोंडी. संकटात माणूस जिथे आपले नाव आहे तिकडे धावतो.

आता काय करता येते ते सांगतो, कारण केलेल्यांची उदाहरणे आहेत. पेरूची राजधानी लिमा. 1971 च्या मे महिन्यात बेघर कुटुंबांनी शहरातल्या जमिनीवर ताबा घेतला, पोलिसांशी चकमक झाली, माणूस दगावला. मग सरकारने त्यांना दक्षिणेकडच्या वाळवंटी जमिनीवर नेले. इथपर्यंतची कथा नेहमीचीच. पण इथे वाळूवर आधी रेघा आखल्या गेल्या. 24 भूखंडांचा एक चौक, असे 16 चौक मिळून एक गट, आणि प्रत्येक गटाच्या मध्यभागी शाळा, मैदान, सभेची जागा यांसाठी मोकळी जमीन राखलेली. म्हणजे 384 कुटुंबांचा एक शेजार. घर मात्र ज्याचे त्याने बांधायचे: आधी चटयांच्या भिंती, पैसे जमतील तशा विटा. सुरुवातीला ना पाणी होते ना वीज, टँकर येत. पण रस्ता कुठून जाणार आणि नळी कुठून जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते, त्यामुळे पुढे ती टाकायला जागा मोकळी होती. त्या वाळूवर आज व्हिया एल साल्वादोर नावाचे काही लाख वस्तीचे गजबजलेले शहर आहे. त्या कुटुंबांना इतके लांब नेऊन टाकले ते मला मान्य नाही. पण चटईच्या झोपडीच्या मधोमध मैदानाची जागा सोडण्याइतकी दृष्टी ज्यांनी ठेवली, त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

जिथे वस्ती आधीच झाली आहे तिथेही वाट आहे. शहर बंद करू पाहणाऱ्या जकार्तानेच 1969 पासून कांपुंग, म्हणजे दाटीवाटीच्या जुन्या वस्त्या, सुधारण्याची योजना राबवली. घरांना हात न लावता गल्ल्या फरसबंद केल्या, गटारे, नळ, शौचालये, दवाखाने दिले. अंगणात पाणी तुंबेनासे झाले आणि आता उठवणार नाहीत याची खात्री वाटू लागली, तशी लोकांनी आपली घरे आपल्या पैशांनी सुधारली. कराचीच्या ओरंगी या गरीब वस्तीत 1980 मध्ये अख्तर हमीद खान यांनी एक प्रकल्प सुरू केला आणि लोकांना विचारले की तुम्हांला सगळ्यांत जास्त कशाचा त्रास होतो, आणि उत्तर आले, गल्लीतून वाहणाऱ्या मैल्याचा. एका गल्लीतली वीस-तीस घरे एकत्र आली, त्यांनी आपल्यातला एक जण निवडला, त्याने घराघरांतून वर्गणी गोळा केली, मोजमाप आणि अवजारे प्रकल्पाने दिली, आणि लोकांनी स्वतः खणून वाहिनी टाकली. खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला. गल्लीतले काम लोकांचे, मोठ्या वाहिनीचे आणि शुद्धीकरणाचे काम सरकारचे, अशी ती वाटणी. पुढे हे काम सांभाळणाऱ्या वास्तुविशारद पर्वीन रहमान यांनी वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे केले, पाण्याची चोरी कुठून होते ते उघड केले. 13 मार्च 2013 रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. गरीब वस्तीचा खरा नकाशा काढणे किती जोखमीचे काम असते, हे तुमच्यातल्या प्रामाणिक अधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

पैसा नाही, हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. न्यूयॉर्कने 1811 मध्ये मॅनहॅटन बेटावर रस्त्यांची जाळी आखली तेव्हा शहराची वस्ती लाखभराच्या आत होती आणि आखलेले बहुतेक रस्ते शेतांतून, दगडांतून जात होते. ते रस्ते बांधायला अनेक दशके लागली. आखायला खर्च होता तो मोजणीदारांचा आणि खुणेच्या दगडांचा. शेतजमीन असतानाच मुख्य रस्त्याची पट्टी ताब्यात घेतली तर ती स्वस्तात मिळते. वस्ती झाल्यावर तिथून रस्ता काढायचा तर पैशाबरोबर शेकडो संसार मोडावे लागतात. महाग पडते ते उशिरा करणे.

दुसरे उत्तर मिळते की सोयी दिल्या तर आणखी लोक येतील. येतील. सोयी न दिलेल्या ठिकाणीही ते आलेच आहेत. नळ बंद ठेवून जर माणूस थांबला असता तर रात्री दोनची ती रांग दिसली नसती.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पुढच्या वीस वर्षांत शहरात भर पडणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बाजारभावाबाहेर, लहान भूखंडांची जमीन आराखड्यातच राखा, आणि ती कामाच्या ठिकाणांपासून बसच्या एका प्रवासाच्या अंतरात असू द्या. हद्दीबाहेरच्या गावांत मुख्य रस्ते, जलवाहिनी आणि मलवाहिनी यांच्या पट्ट्या आजच आखा, मग भले बांधायला दहा वर्षे लागोत. भाड्याने राहणाऱ्याला मोजा. नवा आलेला माणूस पहिली कितीतरी वर्षे भाडेकरूच असतो आणि घरकुलांच्या योजना मालकी मागतात. पाण्याची जोडणी जमिनीच्या कागदांपासून तोडा, कारण तहान सातबारा बघून लागत नाही. आणि कुणालाही हलवायचेच असेल, पुराच्या पात्रातून, कोसळत्या कड्याखालून, तर आधी जवळची जागा दाखवा, मग नोटीस द्या.

यातले सगळे एका आराखड्यात बसणार नाही, हे मला कळते. तुमच्यावर दबाव असतात, जमिनीच्या प्रत्येक रंगामागे कुणाचे तरी हितसंबंध असतात, आणि जो अजून आलेलाच नाही त्याच्या बाजूने हरकत नोंदवायला सुनावणीत कुणी उभे नसते. मतदार यादीत तो नाही, करदात्यांच्या यादीत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, तरी बोलतो आहे.

पुढचा विकास आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा मी जमीनवापराचा नकाशा उघडेन आणि लोकसंख्येच्या प्रकरणात तुम्हीच धरलेली वाढीव कुटुंबे नकाशावर कुठे आहेत ते शोधेन. ती जागा कोणती, तिथे पाण्याची मुख्य वाहिनी कोणत्या वर्षी पोचणार आणि पहिली बस कुठून सुटणार, एवढे त्या पानावर लिहा. तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
आराखड्यांवर हरकती नोंदवणारा एक नागरिक